मन नदीच्या काठचे बाळापूर

मुलांनो, हिवरखेड हे गाव सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. तेथून दक्षिणेकडे निघाले, की पुढे पूर्णा नदी ओलांडावी लागते. नदीपलीकडे, आपल्याच अकोला जिल्ह्यात, बाळापूर नावाचे एक जुने गाव आहे. आज आपण त्या गावाची ओळख करून घेऊ.

बाळापूरजवळ मन आणि म्हैस या दोन नद्या एकत्र येतात. संगमावरच्या उंच जागी बाळापूरचा किल्ला उभा आहे. त्याच्या पायथ्याशी बाळादेवीचे मंदिर आहे. या देवीवरूनच गावाला बाळापूर हे नाव पडले, असे सांगतात.

किल्ल्याचे काम औरंगजेबाचा मुलगा आझमशाह याने सुरू केले, असे म्हणतात. ते इ. स. १७५७ मध्ये अचलपूरचे नवाब इस्माईल खान यांनी पूर्ण केले. किल्ल्याच्या भिंती पक्क्या विटांच्या आहेत. आत जाताना एकामागून एक तीन दरवाजे लागतात. तुम्ही विचाराल, किल्ला डोंगरावर का नाही? येथे डोंगर नाही. पण नद्या आहेत. पूर्वी पावसाळ्यात पूर आला, की किल्ल्याभोवती पाणी भरे. नदीच किल्ल्याचा पहारा करी!

नदीकाठी एक सुंदर दगडी छत्री आहे. ही डोक्यावर धरायची छत्री नव्हे. खांबांवर उभ्या असलेल्या घुमटाच्या वास्तूलाही छत्री म्हणतात. इ. स. १६६५ मध्ये शिवाजी महाराजांशी पुरंदरचा तह करणारे मिर्झाराजे जयसिंग यांनी ती बांधली, असे लोक सांगतात. पुढे एका मोठ्या पुराने तिच्या पायाचे नुकसान केले. तेव्हा ती दुरुस्त करण्यात आली. म्हणून आज ती आपल्याला पाहता येते.

इ. स. १७२० मध्ये बाळापूरजवळ मोठी लढाई झाली. तीत निजामुल्मुल्कने आलम अली खानाचा पराभव केला. दक्षिणेत निजामाची सत्ता वाढण्यास ही लढाई कारण झाली.

पण बाळापूरची ओळख केवळ लढाईची नाही. येथील विणकर हातमागावर पागोटी विणत. पुढे रेल्वे आली. इ. स. १८६७ मध्ये ती नागपूरपर्यंत पोचली. पण ती बाळापूरवरून न जाता उत्तरेकडील पारसवरून गेली. व्यापार रेल्वेच्या गावांकडे वळला. गिरणीचे स्वस्त कापड बाजारात आले आणि हातमाग मागे पडले. अकोला वाढले, बाळापूर लहानच राहिले.

तरीही किल्ला ओस पडला नाही. पुढे तेथे सरकारी कचेऱ्या भरू लागल्या. ज्या वास्तूत माणसांचा वावर असतो, तिची काळजी घेतली जाते.

आता एक गंमत पाहा. किल्ला, बुरूज, दरवाजा, कागद हे शब्द तुम्ही मराठीत वाचता. उर्दूत तुम्ही किला, बुर्ज, दरवाजा, कागज म्हणता. बाळापुरात मंदिर, छत्री आणि नवाबाचा किल्ला जसे जवळजवळ नांदतात, तसेच हे शब्दही दोन्ही भाषांत नांदतात.

मित्रांनो, तुमच्या गावाजवळूनही एखादी नदी किंवा नाला वाहत असेल. काठावर एखादी जुनी विहीर, मशीद, मंदिर किंवा पडकी भिंत असेल. ती कोणी बांधली, हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि वहीत लिहून ठेवा. त्यांना आठवते तोवरच ते लिहून घेता येईल. पुराने पडलेले दगड पुन्हा रचता येतात. विसरलेली गोष्ट मात्र पुन्हा सापडत नाही.