आपण हरलो की ते हरले?

14 मार्च 2024, गुरुवार. वानखेडेवर जेवणाची सुट्टी झाली तेव्हा फलकावर होतं, विदर्भ 5 बाद 333. रणजी करंडक जिंकायला 538 हव्या होत्या, उरल्या 205. अक्षय वाडकर आणि हर्ष दुबे यांनी सकाळभर मुंबईला एकही गडी मिळू दिला नव्हता. अशा वेळी विदर्भातल्या खाप्यासारख्या गावात पानठेल्यावर मोबाइल एकाच्या हातात असतो आणि नजरा दहाजणांच्या. जेवणानंतर वाडकर 102 वर पायचीत झाला. सहावा गडी 353 वर गेला आणि दहावा 368 वर. पंधरा धावांत पाच गडी!

शेवटचा गडी उमेश यादव. कारकिर्दीतला अखेरचा सामना खेळणाऱ्या धवल कुलकर्णीने त्याचा त्रिफळा उडवला. उमेश वलनीच्या कोळसा खाणीच्या वसाहतीत वाढलेला, म्हणजे खाप्याच्याच सावनेर तालुक्यातला. विदर्भ 169 धावांनी हरला. पण इथल्या माणसाला वाटलं, यष्टी उडाली ती आपल्या घरातली.

ज्यांना आपण कधी भेटलो नाही त्या अकराजणांच्या पराभवाने दोन दिवस जेवण गोड लागत नाही, ते का? खिशातून एक रुपया गेलेला नसतो. गेलेलं असतं ते एक सर्वनाम.

मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा नसतो, ‘आपण’मध्ये असतो. संघ जिंकला की अख्खा ठेला म्हणतो, ‘आपण जिंकलो!’ हरला की सूर बदलतो: ‘यांना दबावात खेळताच येत नाही बाप्पा.’ अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी 1976 साली हेच टिपलं. विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला की विद्यार्थी विद्यापीठाचं नाव असलेले कपडे जास्त घालत आणि बोलताना ‘आम्ही’ जास्त वापरत. यशाच्या उन्हात उभं राहायला सगळ्यांनाच आवडतं. पुढे 1990 साली डॅनियल वॅन आणि नायला ब्रान्सकम्ब यांनी दाखवलं की हौशी प्रेक्षक पराभवानंतर संघापासून सहज अंतर राखतो, कट्टर चाहत्याला ते जमत नाही. त्याचं ‘आपण’ सुटत नाही, आणि दुखतं ते तिथेच.

आता त्या सामन्याचा हिशेब पाहू. खरं तर विदर्भ दुसऱ्याच दिवशी मागे पडला होता. मुंबईच्या 224 धावांना उत्तर देताना डाव 105 वर आटोपला. दुसऱ्या डावात मुशीर खानच्या 136 धावांच्या जोरावर मुंबईने 418 केल्या. 538 धावांचा पाठलाग रणजीत तोवर कोणालाच जमला नव्हता. तिथेच सगळं संपलं असतं तर ‘जाऊ दे’ म्हणून माणसं कामाला लागली असती. पण करुण नायरने 74 केल्या, मग वाडकर-दुबे जोडीने 130 जोडल्या, आणि आशेने घरात पाय ठेवला. बार्सिलोना ऑलिम्पिकच्या चित्रफिती अभ्यासणाऱ्या संशोधकांना 1995 साली आढळलं होतं की कांस्यपदकवाले रौप्यपदकवाल्यांपेक्षा अधिक आनंदी दिसतात. तिसऱ्याला वाटतं, पदक तरी मिळालं. दुसऱ्याच्या डोक्यात मात्र ‘जर-तर’ फिरत राहतं.

विदर्भाच्या वाट्याला हे ‘जर-तर’ फार उशिरा आलं. 1957-58 पासून विदर्भ या नावाने संघ रणजी खेळतो आहे. पुढची अनेक दशकं त्याचं हरणं ही बातमी नव्हती. नागपूरकडची पोरंही गावसकर-तेंडुलकरांची, म्हणजे मुंबईचीच भक्त. मग 2017-18 च्या अंतिम सामन्यात इंदूरला रजनीश गुरबानीची हॅट्‌ट्रिक झाली आणि फैज फजलच्या संघाने दिल्लीला हरवून पहिला करंडक आणला. पुढच्या वर्षी तो राखलाही. साठ वर्षांनी ‘ते’ चे ‘आपण’ झाले. आधी पराभव सवयीचा होता, आता तो लागू लागला. दुखायला आधी आशा लागते. संघ आपला झाल्याची खूण करंडकात नसते, ती या दुखण्यात असते.

मुंबईच्या त्या 42 व्या विजेतेपदानंतर वर्ष भरायच्या आत, फेब्रुवारी 2025 मध्ये, नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर विदर्भाने उपांत्य सामन्यात मुंबईला 80 धावांनी हरवलं. मग केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात पहिल्या डावातल्या 37 धावांच्या आघाडीवर तिसरा करंडकही आणला. हिशेब चुकता झाला म्हणायचा. तरी पानठेल्यावर गप्पा रंगल्या की सुपारी कातरता कातरता कोणीतरी म्हणतंच, ‘वाडकर अजून तासभर टिकला असता ना भाऊ, तर आपण...’

त्याला कोणी अडवत नाही. वाक्य अर्धंच राहतं, पण त्यातलं ‘आपण’ पुरतं उच्चारून झालेलं असतं.