थेंब जपणारं रसायन

तळोजा एमआयडीसीत सर्फॅक्टंट म्हटलं की शाम्पू, फेसवॉशचा कच्चा माल. गॅलेक्सी सर्फॅक्टंट्सचा कारखाना इथलाच. मीही याच धंद्यातला केमिस्ट, पण माझा जीव जडलाय तो एका वेगळ्याच सर्फॅक्टंटवर.

संशोधक एकेक पेशी फ्लोरिनयुक्त तेलातल्या पाण्याच्या सूक्ष्म थेंबात कोंडून तिचा आरएनए वाचतात. हे हजारो थेंब एकमेकांत मिसळले की प्रयोग वाया. त्यांना वेगळं ठेवणाऱ्या या सर्फॅक्टंटच्या रेणूला तेलात रमणाऱ्या परफ्लुरोपॉलिइथरच्या दोन शेपट्या असतात आणि मध्ये पाण्याकडे वळलेलं पॉलिइथिलीन ग्लायकॉल. होल्ट्झे आणि सहकाऱ्यांनी २००८ साली तो मांडला. विद्युतभार असलेल्या कार्बोक्झिलेट सर्फॅक्टंटनं पेशी फुटायच्या; यानं त्या जगल्या.

मालात उरलेलं आम्ल म्हणजे पुन्हा तोच कार्बोक्झिलेट; म्हणून सगळी मदार शुद्धतेवर. आधी परफ्लुरोपॉलिइथरच्या आम्लाचं आम्ल-क्लोराइड करायचं, मग पॉलिइथिलीन ग्लायकॉलचं डायअमाइन जोडायचं. पाण्याचा अंशही चालत नाही, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात हे सांभाळणं म्हणजे दिव्यच! इन्फ्रारेड आलेखात १७७५ सेमी⁻¹ च्या आसपासचं आम्लाचं शिखर पुरतं मावळल्याशिवाय माल पास करू नये, असं माझं ठाम मत आहे.

कोरडी काच, नायट्रोजन, क्लोराइड हाताळण्याची शिस्त तळोज्याच्या हातांत आहे. शेजारी खारघरला ॲक्ट्रेक या संस्थेत कर्करोगावर संशोधन चालतं, आणि अशा संशोधनाला हे थेंब उपयोगी पडतात. हे रसायन इथंच बनायला हवं.