उंची मोटार : खरेदी की भाडेपट्टा?

व्यापाऱ्याच्या दाराशी मोटार उभी असणे यात आता कोणास नवल वाटत नाही. परंतु साठ-सत्तर लाखांची उंची सेदान मोटार घ्यावयाची म्हटली, म्हणजे तो प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही. तो पेढीच्या भांडवलाचा, आयकराचा आणि घरातील एकोप्याचाही होऊन बसतो. अलीकडे त्यात आणखी एक प्रश्न येऊन मिळाला आहे. मोटार विकत घ्यावी, की भाडेपट्ट्याने, म्हणजे ज्याला सर्वजण 'लीज' म्हणतात त्या पद्धतीने, घ्यावी? आपल्या अनेक सभासदांच्या घरी तरुण मंडळी याविषयी वाद घालीत असल्याचे ऐकिवात आहे. प्रस्तुत लेखक मॅट्रिकपर्यंतच शिकलेला, आयुष्यभर धान्याच्या पोत्यांत वावरलेला मनुष्य आहे. तथापि रोजमेळ व खतावणी यांच्या पलीकडचे ज्ञान या प्रश्नास लागत नाही, अशी खात्री असल्यामुळे हे विवेचन सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहे.

थोडा पूर्वेतिहास

सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली 'प्रीमियर ऑटोमोबाइल्स' ही कंपनी स्थापन केली आणि मुंबईत कुर्ला येथे मोटारीचा कारखाना उभा राहिला. त्यानंतर कित्येक वर्षे मोटार हवी असणाऱ्यास पैसे भरून वाट पाहत बसावे लागे. निवड करण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. भाडेपट्ट्याच्या धंद्याचा पाया आपल्या देशात १९७३ साली मद्रासेत 'फर्स्ट लीजिंग कंपनी ऑफ इंडिया'ने घातला. पण त्याचा उपयोग प्रथम कारखानदारांनी यंत्रसामग्रीसाठी केला. पेठेतल्या व्यापाऱ्यापर्यंत ही पद्धत पोहोचली ती गेल्या काही वर्षांत.

उंची मोटारींविषयी मराठी मुलुखात सर्वांत गाजलेला व्यवहार औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा होय. ऑक्टोबर २०१० मध्ये तेथील उद्योजक व व्यावसायिकांनी एकत्र येऊन १५० मर्सिडीज मोटारी एकाच वेळी खरेदी केल्या. त्यांची किंमत सुमारे ६५ कोटी रुपये होती; भारतीय स्टेट बँकेने त्यांस ४० कोटींहून अधिक कर्ज ७ टक्के व्याजाने दिले. या व्यवहाराचे दोन धडे आहेत. पहिला असा की, एकेकट्याने दुकानात गेल्यास जो भाव व जे व्याज मिळत नाही, ते संघटितपणे गेल्यास मिळते. दुसरा धडा कडू आहे. त्याच सुमारास त्याच मराठवाड्यात शेतकऱ्यास ट्रॅक्टरच्या कर्जावर सुमारे १६ टक्के व्याज पडते, अशी बाब पुढे आली आणि देशभर चर्चा झाली. आपला सर्व धंदा ज्यांच्या मालावर चालतो, ते शेतकरी आपली मोटारही पाहत असतात, हे विसरून चालणार नाही.

दोन पद्धतींतील मूळ भेद

गोदाम बांधणे आणि गोदाम भाड्याने घेणे यांत जो भेद, तोच येथे आहे. विकत घेतलेली मोटार ही पेढीची मालमत्ता. ती ताळेबंदात दिसते, तिच्यावर घसारा मिळतो, आणि ती विकून येणारे पैसे आपले. भाडेपट्ट्याच्या मोटारीची मालकी कंपनीची. आपण ठरलेल्या मुदतीपर्यंत दरमहा भाडे भरावयाचे व मुदत संपली की मोटार परत करावयाची. अशा वाहनावरील घसारा भाडेपट्ट्याने देणाऱ्या कंपनीसच मिळतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली दिला आहे. सबब भाडेही खर्ची टाकू आणि घसाराही घेऊ, अशी कोणाची समजूत असेल तर ती सोडून द्यावी.

मालकी कंपनीची असली तरी जोखीम मात्र आपली, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. मोटार वाहन कायद्यातील 'मालक' या शब्दाच्या व्याख्येत भाडेपट्ट्याने घेतलेले वाहन ज्याच्या ताब्यात आहे त्याचाच समावेश आहे. अपघात झाल्यास प्रथम जबाबदारी ताबेदारावर येते. यास्तव विमा कोणी उतरावयाचा व किती रकमेचा, हे करारात स्पष्ट लिहून घेतले पाहिजे.

कर किती, आणि वजावट किती?

२२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे, म्हणजेच जीएसटीचे दर बदलले. लहान मोटारींवर १८ टक्के आणि मोठ्या मोटारींवर ४० टक्के कर ठरला. पूर्वीचा २८ टक्के कर व त्यावरचा भरपाई उपकर गेला. विजेवर चालणाऱ्या मोटारींस ५ टक्के दर कायम राहिला, त्यामुळे त्यांचा हिशेब स्वतंत्र मांडावा लागतो. चालकाविना भाडेपट्ट्याने दिलेल्या मोटारीच्या भाड्यावरही मोटारीच्या दरानेच कर लागतो. म्हणजे मोठ्या पेट्रोल मोटारीच्या भाड्यावर ४० टक्के.

आता येथे मोठी गफलत होते. पोत्यांवरचा किंवा वजनकाट्यावरचा कर जसा आपण वळता करून घेतो, तसा मोटारीच्या भाड्यावरचा करही वळता होईल, असे विक्रेते सूचित करतात. वस्तुतः चालकासह १३ माणसांपर्यंतच्या प्रवासी मोटारीवरील कर आपल्यासारख्या व्यापाऱ्यास वळता करून मिळत नाही. खरेदीवर नाही आणि भाड्यावरही नाही. ही सवलत मोटारींचा व्यापार करणारे, प्रवासी वाहतूक करणारे आणि वाहन चालविण्याचे शिक्षण देणारे यांच्यापुरती आहे.

दहा लाखांवरील मोटार घेताना विक्रेता एक टक्का आयकर आगाऊ गोळा करतो. तो खर्च नव्हे. विवरणपत्रात त्याची वजावट मिळते. ही तरतूद १ जून २०१६ पासून आहे.

कर्नाटकात वीस लाखांवरील खासगी मोटारीस किमतीच्या १८ टक्के आजीवन कर व त्यावर उपकर आहे. महाराष्ट्रात हा दर कमी असल्यामुळे कोल्हापुरास नोंदणी करून मोटार इकडे वापरण्याचा मोह सीमाभागात अनेकांस होतो. परंतु दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवलेल्या वाहनाची तेथे फेरनोंदणी करणे कायद्याने आवश्यक आहे. भाडेपट्ट्याची कंपनी परप्रांतातली असेल, तर मोटारीची नोंदणी कोणत्या राज्यात होणार, हेही आधीच विचारून घ्यावे.

एक नमुन्याचा हिशेब

पुढील आकडे समजुतीसाठी गृहीत धरले आहेत. प्रत्येकाने आपल्या हाती आलेल्या दरपत्रकातील आकडे तेथे घालून पाहावेत.

मोटारीची किंमत ६० लाख, आजीवन कर उपकरासह सुमारे १२ लाख, पहिला विमा २ लाख. एकूण ७४ लाख. पैकी २४ लाख पदरचे व ५० लाख कर्ज, व्याज ९ टक्के, मुदत चार वर्षे. मासिक हप्ता सुमारे १,२४,४२५ रुपये बसतो. चार वर्षांत ५९ लाख ७२ हजार भरले जातात, त्यात व्याज ९ लाख ७२ हजार. पुढील तीन विमे साडेचार लाख व देखभाल ५ लाख धरली, तर पदरच्या रकमेसह एकूण ९३ लाख २२ हजार होतात. चार वर्षांनी मोटार २७ लाखांस विकली गेल्यास निव्वळ खर्च ६६ लाख २२ हजार. पदरच्या २४ लाखांवरील बुडालेले व्याज ९ टक्क्यांनी ८ लाख ६४ हजार. एकंदर ७४ लाख ८६ हजार.

भाडेपट्ट्याचे भाडे विमा व देखभालीसह दरमहा १ लाख २० हजार धरू. त्यावर ४० टक्के कर ४८ हजार. म्हणजे १ लाख ६८ हजार. ४८ महिन्यांचे ८० लाख ६४ हजार झाले. खरेदीपेक्षा ५ लाख ७८ हजार अधिक, म्हणजे महिन्यास सुमारे १२ हजार.

परंतु मोटार २७ ऐवजी २० लाखांसच गेली, तर खरेदीचा खर्च ८१ लाख ८६ हजार होऊन भाडेपट्टा स्वस्त ठरतो. म्हणजे दरमहाचे ते १२ हजार हे भाव उतरण्याची जोखीम दुसऱ्याच्या गळ्यात घालण्याची किंमत आहे. मंदीच्या भीतीने माल आधीच विकून मोकळे होणाऱ्या व्यापाऱ्यास हे अधिक सांगणे नलगे.

आता आयकर पाहू. मोटारीचा घसारा शिल्लक किमतीवर दरसाल १५ टक्के, आणि वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर असल्यास निम्मा. ७२ लाखांवर चार वर्षांत ३४ लाख ४२ हजार होतो. व्याज, विमा व देखभाल मिळवून ५५ लाख ६४ हजार खर्ची पडतात. भाडेपट्ट्यात ८० लाख ६४ हजार पडतात. फरक २५ लाखांचा. ३० टक्के दराने कर साडेसात लाख कमी. येथे पारडे भाडेपट्ट्याकडे झुकलेले दिसते. तथापि खरेदीत मोटार विकल्यावरही १० लाख ५८ हजारांची घसाऱ्याची रक्कम उरते, आणि पेढीजवळ त्याच वर्गातील दुसरे वाहन असल्यास तिचा लाभ पुढे हळूहळू मिळत राहतो. जुनी मोटार विकताना जीएसटी १८ टक्के, तोही केवळ शिल्लक किमतीपेक्षा जास्त आलेल्या रकमेवर. आपल्या उदाहरणात तसा नफा नसल्याने तो लागत नाही. सारांश, पूर्ण दराने कर भरणाऱ्या पेढीस चार वर्षांपुरती दोन्ही पद्धती जवळजवळ सारख्याच आहेत.

हा कराचा लाभही सर्वांस नाही. जे सभासद उलाढालीच्या ठराविक टक्क्यांनी अंदाजी नफा दाखवून विवरण भरतात, त्यांस घसारा किंवा भाडे वेगळे मिळत नाही. त्यांनी कराचे गाजर पाहून भाडेपट्टा घेऊ नये. दलाली व अडतीच्या उत्पन्नास ती अंदाजी पद्धत लागू नाही, त्यामुळे अडत्यांचा हिशेब वेगळा. शिवाय मोटार लग्नकार्यास, यात्रेस व मुलांच्या शिक्षणासाठी जितकी धावेल, तितका हिस्सा खर्चातून वगळावा लागतो; करिता धंद्याच्या फेऱ्यांची वही ठेवावी. २०२५ साली संसदेने नवा आयकर कायदा केला असून त्याचा अंमल १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे. म्हणून करारावर सही करण्यापूर्वी आपल्या सनदी लेखापालास कागद दाखवावेत.

कोणास काय योग्य?

पहिला प्रश्न, मोटार किती वर्षे ठेवणार? आठ-दहा वर्षे ठेवणाऱ्याने विकतच घ्यावी. हप्ते चार वर्षांत संपतात, पुढे केवळ विमा व दुरुस्ती. भाडे मात्र कधीच संपत नाही. दर तीन-चार वर्षांनी मोटार बदलणाऱ्याने भाडेपट्ट्याचा विचार अवश्य करावा.

दुसरा प्रश्न, धाव किती? भाडेपट्ट्यात किलोमीटरची मर्यादा असते व त्यावर जादा आकार पडतो. कडोली ते बेळगाव एवढीच रोजची ये-जा असेल तर चिंता नाही; पण निपाणी, कोल्हापूर, हुबळी, पुणे अशा फेऱ्या करणाऱ्याने ते कलम नीट वाचावे. मुदतीपूर्वी मोटार परत केल्यास किती दंड, आणि ओरखडे व झीज कोण ठरविणार, ही कलमेही तितकीच महत्त्वाची.

तिसरा प्रश्न सर्वांत मोठा. पदरचे २४ लाख कोठून येणार? २०२५-२६ च्या खरीप हंगामात साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. त्या भावाने २४ लाखांत हजार क्विंटलांहून थोडा अधिक भात येतो. दहा टनी मालमोटारीच्या दहा खेपा. सुगीत शेतकरी रोख पैसे मागतो, आणि ज्याच्या गल्ल्यात रोकड त्याच्याच दुकानी माल येतो. हंगामाचे भांडवल मोटारीत अडकले, तर ती दारात चकाकत उभी राहील आणि माल शेजारच्या पेढीकडे जाईल. अशा सभासदाने खरेदीही करू नये व भाडेपट्टाही करू नये. तीन-चार वर्षे वापरलेली चांगली मोटार घ्यावी. पहिली मोठी घट दुसऱ्याने सोसलेली असते, आणि बसण्याचे सुख तेच असते.

एकत्र कुटुंबातील बंधूंस आणखी एक सूचना करावीशी वाटते. मोटार पेढीच्या नावे असेल तर तिचा वापर कोणी व किती करावयाचा, हे घेण्यापूर्वीच सर्वांच्या समक्ष ठरवावे. वाटणीचे तंटे शेतजमिनीवरून होतात तसे मोटारीच्या किल्लीवरूनही होऊ शकतात. ज्या घरात सुना-मुलींसह सर्वांस हिशेब दाखवून निर्णय होतो, तेथे मागाहून कुरबुर उरत नाही.

परिग्रहाचे परिमाण ठरवावे, ही शिकवण आपल्या घरोघरी आहे. तिचा व्यवहारातील अर्थ एवढाच की, वस्तू घेण्याआधी आपली मर्यादा आपणच कागदावर लिहावी. बाजारात पेढीची पत मोजली जाते ती वायद्याच्या दिवशी दिलेल्या पैशावरून. दाराशी कोणती मोटार आहे यावरून नव्हे. ती पत अबाधित ठेवून ज्यास उंची मोटारीत बसता येईल, त्याने अवश्य बसावे, खरेदीने अथवा भाडेपट्ट्याने. आणि सभासदांपैकी चार-सहा जण एकाच वर्षी घेणार असतील, तर त्यांनी भाव ठरविण्यास एकत्र जावे, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतो.