प्लेलिस्टमध्ये नसलेले आवाज

पळस्पे फाट्यावर ट्रॅफिकमध्ये अडकलात की तुम्ही काय करता? इअरफोन लावता. लता, किशोर, जुनी नाट्यगीतं, सगळं एका क्लिकवर हजर. आता 'यंग इंडिया'चं एखादं गाणं शोधून बघा. दमून जाल.

'यंग इंडिया' म्हणजे १९३५ ते १९५५ या काळात मुंबईत निघालेल्या ग्रामोफोन रेकॉर्डचा ब्रँड. बडे गायक बहुतेक एचएमव्हीकडे. मग या देशी कंपनीने नवख्या, हौशी गायकांना माईकसमोर उभं केलं. रेकॉर्डच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. काय दाखवायचं ते तेवढ्यात. (रील बनवणाऱ्यांना हे प्रेशर लगेच कळेल.) वीस वर्षांत १० हजारांच्या आसपास रेकॉर्डिंग निघाली!

या रेकॉर्ड लाखेच्या. लाखेचे किडे पळसावर वाढतात. हो, पळस्पेच्या नावात ऐकू येतो तोच पळस. हातातून पडली की रेकॉर्ड फुटलीच. एचएमव्हीची गाणी पुढे एलपी, कॅसेट, सीडीवर आली. 'यंग इंडिया' बंद पडली आणि तिची गाणी पुन्हा काढायला कुणी उरलंच नाही. तबकडी फुटली, की त्या गायकाचा आवाजही गेला.

मुंबईच्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'चे सुरेश चांदवणकर यांनी ब्रिटिश लायब्ररीच्या प्रकल्पातून यातल्या कित्येक रेकॉर्ड डिजिटल करून ठेवल्या. बाकीच्या कुठे असतील? कदाचित तुमच्याच माळ्यावर. भंगारवाल्याला देण्याआधी लेबल वाचा, गायकाचं नाव तिथेच असतं. आणि तबकड्या एकावर एक रचू नका, उभ्या ठेवा.