खारपाणपट्ट्यात माशांच्या पाण्यावर पालक

अकोला-अमरावतीकडे पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा म्हणजे विहिरीला पाणी असूनही ते खारं, पिकाला न चालणारं, असा भाग. ॲक्वापोनिक्समध्ये, म्हणजे माशांच्या टाकीतल्या पाण्यावर भाजी पिकवताना, मात्र तेच तेच पाणी फिरत राहतं, त्यामुळे पावसाचं साठवलेलं गोडं पाणी पुरवून वापरता येतं. माशांच्या विष्ठेतला अमोनिया जिवाणू आधी नायट्राइटमध्ये, मग नायट्रेटमध्ये बदलतात आणि तेच पालकाचं, चुक्याचं खत होतं.

तरीही पानं पिवळी पडतात.

कोवळं पान पिवळं, पण शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडतंय हे ओळखावं. माशांच्या खाद्यात लोह, पोटॅश आणि कॅल्शियम झाडांच्या गरजेपेक्षा कमीच असतं. अशा वेळी लिटरमागे 2 मिलिग्रॅम चिलेटेड लोह द्यावं. पाण्याचा सामू 7च्या आसपास असेल तर ईडीटीएपेक्षा डीटीपीए चिलेट टिकतं. सामू घसरला, तर पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणि विरवलेला चुना आलटून-पालटून, थोडा थोडा टाकावा. त्यातून पोटॅश आणि कॅल्शियम ही दोन्ही अन्नद्रव्यंही मिळतात. खाण्याचा सोडा नको, त्यातलं सोडियम साचत जातं.

मे महिन्यात अकोल्याचा पारा 45च्या वर जातो. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, मुळं तपकिरी होऊन सडतात. म्हणून टाकीवर शेडनेट आणि एअर पंप हवेतच.

वऱ्हाडातल्या मंडळींनी सुरुवात छोट्या टाकीपासून करावी, पण सामू तपासायचं किट आधी घ्यावं.