नऊशे माणसे त्याच्यामागे का गेली?

दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावर गयाना नावाचा एक चिमुकला देश आहे. तेथल्या अरण्यातील जोन्सटाऊन या वसाहतीत १८ नोव्हेंबर १९७८ रोजी, एका संध्याकाळी, ९०९ अमेरिकन माणसे मरण पावली. जवळजवळ सगळी विषाने. त्यांत सुमारे तीनशे मुले होती. वार्ता पसरली तेव्हा जो तो म्हणू लागला, "वेडीच असली पाहिजेत ही माणसे!"

असे म्हटले की आपण सुटलो. वेडे ते, शहाणे आपण! परंतु या मंडळींत शिक्षक होते, परिचारिका होत्या, वकील होते, जन्मभर राबून पेन्शनीत निघालेल्या आजीबाई होत्या. मग ही माणसे जिम जोन्सच्या मागे गेली तरी कशी?

पहिली पायरी पुण्याची

जोन्सचा जन्म १९३१ सालचा, अमेरिकेतील इंडियाना राज्यातला. १९५० नंतरच्या दशकात त्याने इंडियानापोलिस शहरात 'पीपल्स टेंपल' हे चर्च काढले. त्या काळी तेथे गोरे आणि काळे प्रार्थनेलाही एकत्र बसत नसत. जोन्सच्या चर्चमध्ये बसत. भुकेल्याला फुकट जेवण मिळे, म्हाताऱ्याकोताऱ्यांची देखभाल होई. स्वतः जोन्सने एक कृष्णवर्णीय मूल दत्तक घेतले. ज्यांना जगाने दारात उभे केले नाही, त्यांना येथे 'या, बसा' म्हणणारे कोणी भेटले. १९६५ साली मंडळी कॅलिफोर्नियात गेली, आणि पुढे सॅन फ्रान्सिस्कोत जोन्सचे वजन इतके वाढले की १९७६ साली महापौरांनी त्याला शहराच्या गृहनिर्माण मंडळावर नेमले. एवढ्या मोठ्या माणसांनी ज्याला मान द्यावा, त्याच्यावर साध्यासुध्या माणसाने संशय कसा घ्यावा?

जोन्स रोग बरे करण्याचे चमत्कारही दाखवी. रोग्याच्या पोटातून 'काढलेली' कर्करोगाची गाठ म्हणजे कोंबडीचे सडके काळीज असे! हे गुपित आतल्या काही जणांना ठाऊक होते. पण काम चांगले चालले आहे, थोडे नाटक झाले तर काय बिघडले, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. फसवणुकीत पहिला वाटा असा आपखुशीने उचलला जातो.

हळूहळू आवळणारा दोर

पुढे एकेक गोष्ट मागितली जाऊ लागली. आधी वेळ, मग पगार, मग पेन्शन, मग राहते घर. नवरा बायकोची चुगली करी, मूल आईबापांची. चुकलेल्याला भरसभेत चोप मिळे. एकदम सगळे मागितले असते तर कोण देता? परंतु आज दिलेले उद्याचे मागणे लहान करून टाकते. घर विकून बसलेला माणूस 'मी फसलो' असे कोणत्या तोंडाने म्हणणार?

१९७७ साली एका मासिकात हे प्रकार छापून येण्याच्या सुमारास जोन्सने शेकडो अनुयायांना गयानाच्या जंगलात नेले. तेथे पासपोर्ट काढून घेतले, पत्रे तपासली जाऊ लागली आणि ध्वनिक्षेपकावरून जोन्सचा आवाज रात्रंदिवस घुमू लागला. बाहेरचे जग आपल्या जिवावर उठले आहे, हीच ओरड. सामुदायिक मरणाच्या रंगीत तालमीदेखील झाल्या.

नातेवाइकांच्या तक्रारीवरून अमेरिकन काँग्रेसचे सभासद लिओ रायन चौकशीस आले. परत जाताना त्यांच्याबरोबर काही रहिवासी निघाले. विमानतळावर जोन्सच्या माणसांनी गोळ्या झाडून रायनसह पाच जणांना ठार केले. त्यानंतर वसाहतीत सरबतात सायनाइड कालवले गेले. आधी मुलांना पाजले.

शेवटच्या सभेचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. एक प्रौढ स्त्री उठून म्हणते, या लेकरांना जगण्याचा हक्क आहे. तिला गप्प केले ते एकट्या जोन्सने नव्हे. शेजारीपाजारीच तिच्यावर तुटून पडले. भोवती बंदूकवाले पहारेकरी होतेच. जोन्सचे काही मुलगे मात्र बास्केटबॉलसाठी राजधानीत गेले होते. मरणाचा हुकूम त्यांनाही रेडिओवरून गेला. त्यांनी तो धुडकावला. त्या गर्दीपासून, त्या आवाजापासून दूर असल्यामुळे त्यांना 'नाही' म्हणता आले.

घरच्यांनी काय करावे?

बुवा कोणत्याही धर्माचा असो वा पक्षाचा, त्याच्या उपदेशापेक्षा व्यवहार पाहावा. प्रश्न विचारलेला खपतो काय? हिशेब दाखवतो काय? आलेल्या माणसाला सुखाने परत जाता येते काय? आपला मुलगा किंवा बहीण अशा कोणाच्या नादी लागली तर थट्टा करू नये, आणि 'आता आमच्या दारात पाय ठेवू नकोस' असे तर मुळीच म्हणू नये. ते दार बंद व्हावे हीच बुवाची इच्छा असते. पत्र लिहावे, सणावाराला जेवायला बोलवावे, आणि आले की वाद न घालता पान वाढावे.