नवें इंजिन आणि वेगाचा कांटा

शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके उसाचे. गळिताच्या हंगामांत न्हावऱ्यावरून चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रीघ लागते. समजा, तेथील एखाद्या बागाईतदारानें आपल्या जुन्या जीपचें पेट्रोलचें इंजिन स्वतःच्या हातांनीं काढून डिझेलचें बसविलें. गाडी चालूं लागते. पण वेगाचा कांटा शून्यावरून हालत नाहीं. "वेग काय, कानाला कळतो," असें म्हणून तो निघतो. घात होतो तो येथेंच. नव्या इंजिनाचा सूर निराळा. गिअरबॉक्स बदलला असेल तर फेऱ्यांचें प्रमाणहि निराळें. कानाची जुनी साक्ष आतां ग्राह्य धरतां येत नाहीं.

मग हा कांटा हालतो कशानें? इंजिनानें नव्हे. चाकांकडे गति नेणाऱ्या दांड्यावर, म्हणजे जीपमध्यें ट्रान्स्फर केसमध्यें, दांतेरी चाकांची लहानशी जोडी असते. ती नळींतील लवचीक तार फिरविते. तारेच्या दुसऱ्या टोंकाला, मिटरच्या आंत, लोहचुंबक फिरतो. त्याला न शिवतां त्याच्याभोंवतीं ॲल्युमिनियमची वाटी असते. चुंबकाच्या फिरण्यानें वाटींत विद्युत्प्रवाह उत्पन्न होतात आणि ती त्याच्यामागें ओढली जाते. बारीक कमान तिला मागें खेंचते. या ओढाताणींत कांटा जेथें स्थिरावतो, तो वेग. जर्मनीच्या ओटो शुल्झे यांनीं १९०२ सालीं या युक्तीचें पेटंट घेतलें.

यावरून दुरुस्तीची वाट दिसते. तार मिटरपासून सोडवावी आणि गाडी हळू चालवावी. टोंक फिरलें तर दोष मिटरांत. न फिरलें तर तार तुटलेली आहे किंवा खालीं नीट बसलेली नाहीं. नव्या गिअरबॉक्सला तारेऐवजीं विजेचा सेन्सर असेल, तर त्याला जुळणारा मिटरच घ्यावा लागतो.

कांटा हालूं लागला म्हणजे तो खरें सांगतो, असें नाहीं. जुना मिटर मैलांचा आहे काय, तें आधीं पाहावें. १ मैल म्हणजे सुमारें १.६ किलोमीटर. मग रस्त्यावरील दगडांवरून १० किलोमीटर जावें. मिटरनें ८ च मोजले, तर कांटा ४८ वर असतां गाडी ६० च्या वेगानें धांवत असण्याचा संभव आहे. वेग सव्वापट झाला कीं ब्रेक लागल्यापासून थांबण्यापर्यंतचें अंतर दीडपटीहून अधिक होतें! अशा वेळीं तारेकडील चाकाला २० दांते असल्यास १६ दांत्यांचें बसवावें. शेवटीं शेजारी बसलेल्यानें घड्याळ पाहावें : कांटा ४० वर स्थिर असतां १ किलोमीटरला ९० सेकंद लागले पाहिजेत.

इंजिन बदलण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें परिवहन कार्यालयाची संमति लागते, हेंहि ध्यानांत असावें. आणि रात्रीं पुढें दिवा नसलेली उसाची गाडी अचानक दिसेल, तेव्हां आपला वेग आपणांस खराखुरा ठाऊक असावा, एवढ्याचसाठीं हा सारा खटाटोप.